नळीतला दगड

धान्यात खडे निघाले, तर घरची गृहिणी दुकानदारास जाब विचारते. परंतु शेतकऱ्याने विकत घेतलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत दगड किती आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुनखडी किंवा संगजिरे यांची बारीक भुकटी प्लॅस्टिकमध्ये मिसळण्याची रीत जुनी आहे व ती मुळात निषिद्धही नाही. पीव्हीसी नळात प्रमाणशीर भुकटी असते. तिने नळास ताठपणा येतो व खर्चही उतरतो. दोष आहे तो अतिरेकात आणि लपवाछपवीत. पॉलिथिनचे बळ त्याच्या लांबलचक, परस्परांत गुंतलेल्या रेणूंत असते. त्यांत भुकटी अतोनात भरली की लवचिकपणा जातो. मग ठिबकची नळी गुंडाळताना चिरते, ऐन उन्हाळ्यात ड्रिपरच्या छिद्रापाशी फाटते आणि पिकाचे पाणी तुटते.

दुसरा तोटा पैशाचा. पॉलिथिनची घनता ०.९२ ते ०.९६, तर चुनखडीची सुमारे २.७ असते. शंभर किलोंत तीस किलो भुकटी असल्यास, त्याच जाडीचा माल सुमारे एक पंचमांश कमी भरतो. म्हणजे वजनावर घेणारा शेतकरी दगडाला प्लॅस्टिकचा भाव देतो. आच्छादनाच्या कागदाचीही हीच गत होते. शिवाय ठिसूळ झालेला कागद काढणीच्या वेळी अखंड निघत नाही व त्याचे तुकडे रानात राहतात.

याची प्राथमिक परीक्षा बादलीभर पाण्यात होते. पॉलिथिनच्या नळीचा किंवा कागदाचा तुकडा पाण्यात बुडवून, त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून सोडून द्यावा. चांगले पॉलिथिन तरंगते. उन्हापासून रक्षणासाठी घातलेल्या थोड्याशा काजळीने ते बुडत नाही. तुकडा तळाशी गेला, तर भुकटी बरीच आहे असे समजावे. मात्र तरंगला म्हणून तो निर्भेळच, असे नव्हे. थोडी भेसळ या परीक्षेत सापडत नाही. पीव्हीसी तर शुद्ध असले तरी बुडतेच, म्हणून त्यास ही कसोटी लावू नये. तेथे आयएस ४९८५ ही मानक खूण व भिंतीची जाडी पाहावी. ठिबकच्या नळीवर आयएस १२७८६ ही खूण असावी.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, नळी व कागद केवळ वजनावर घेऊ नयेत. लांबी, रुंदी, जाडी आणि मानक खूण पावतीवर लिहून घ्यावी व मालाचा एक तुकडा जपून ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बादलीची परीक्षा गावोगावी चावडीवर करून दाखवावी. बियाणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्यास नळी पारखणे अवघड नाही; ती पारखावी लागते, एवढेच त्यास कोणी सांगितलेले नाही. ते सांगणे आपले कर्तव्य आहे.