भाटघरचा उन्हाळा आणि आमचे प्रवासवर्णनकार

सह्याद्रीच्या प्रवासास जावयाचे ते पावसाळ्यातच, असा एक नवा धर्मनियम आमच्या शहरी सुशिक्षितांत अलीकडे रूढ होऊन बसला आहे. आषाढातील पहिला जोराचा पाऊस पडण्याचा अवकाश, की पुण्या-मुंबईकडील मोटारी भोर-वेल्ह्याच्या रस्त्याला लागतात. वरंध्याच्या घाटात, मढे घाटाच्या कड्यावर, तोरण्या-राजगडाच्या पायथ्याशी एकच झिम्मड उडते. आणि परतल्यावर त्या गर्दीपैकी ज्यांस लेखणी चालविण्याची हौस असते ते एकेक प्रवासवर्णन लिहून मोकळे होतात. ही वर्णने आम्ही पुष्कळ वाचली आहेत. त्यांपैकी एक वाचले म्हणजे बाकीची वाचण्याचे श्रम वाचतात, एवढा त्यांचा उपकार आम्ही मान्य करतो. त्यांत धुके असते, धबधबे असतात, भातखाचरांचा हिरवा गालिचा असतो, चुलीवरची भाकरी आणि पिठले असते. आणि अखेरीस 'साधी, भोळी, काटक मावळी माणसे' ह्या एका ओळीत तेथील सगळी मनुष्यजात गुंडाळून टाकलेली असते.

आमचे म्हणणे असे आहे की, ज्याने हा मुलूख केवळ पावसाळ्यात पाहिला त्याला त्याविषयी लिहिण्याचा अधिकार फार थोडा आहे. हा मुलूख पाहावयाचा तर वैशाखाच्या अखेरीस, उन्हाळा सरत आला असता पाहावा. हे विधान कित्येकांस विक्षिप्त वाटेल, म्हणून त्याची कारणे सविस्तर देणे आम्हांस प्राप्त आहे. आणि त्यासाठी वाचकांस आम्ही भाटघरच्या तलावाच्या काठी घेऊन जाणार आहोत.

भोर गावापासून जवळच, नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर, भाटघरचे धरण आहे. नीरेच्या कालव्यास पाणी पुरवावे म्हणून येथे पहिला तलाव झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. त्यास व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरचे नाव मिळाले. पुढे तेवढे पाणी पुरेना, तेव्हा त्याहून पुष्कळ मोठे धरण बांधण्यात आले. ते 1928 च्या सुमारास पुरे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्यास देण्यात आले. साडेतेवीस अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी त्यात मावते. हे पाणी डाव्या कालव्याने बारामती-इंदापुराकडे जाते, उजव्याने फलटण-माळशिरसाकडे. ज्या माळावर बाजरीची शाश्वती नव्हती तेथे ऊस उभा राहिला, साखरेचे कारखाने निघाले, घरे पक्की झाली. हे सर्व खरे आहे, आणि त्याबद्दल आमची यत्किंचित तक्रार नाही. धरणावर टीका करावयाची तर त्याने ज्यांचे भले केले त्यांची नावे आधी सांगितली पाहिजेत, ती आम्ही सांगितली.

आता ह्याच तलावाची दोन रूपे पाहा. श्रावण-भाद्रपदात तो तुडुंब भरतो, स्वयंचलित दरवाजांतून पाणी उसळून पडते, आणि आमचे प्रवासवर्णनकार त्यास 'निळ्या आरशा'ची उपमा देऊन पुढे जातात. वैशाखात तेच पाणी कालव्यांनी खाली गेलेले असते. तलावाचे अंग उघडे पडते. भेगाळलेला गाळ, जुन्या बांधांच्या ओळी, झाडांचे खुंट हळूहळू वर येतात. कांबरे गावच्या हद्दीत कांबरेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. ते वर्षातील बहुतेक महिने पाण्याच्या पोटात असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस थोडे दिवस बाहेर येते. तेवढ्या दिवसांत काठावरची माणसे देवाच्या दर्शनाला जातात. ज्या देवाला स्वतःच्या गावात वर्षातून थोडेच दिवस राहावयास मिळते, त्याच्या भक्तांचे काय झाले असेल, हा प्रश्न आरशाची उपमा देणाऱ्यास सुचत नाही. पण त्याचा दोष त्याच्या बुद्धीस का द्यावा? तो ज्या महिन्यात येतो त्या महिन्यात देऊळ दिसतच नाही.

दोन वर्षांमागे अशाच दिवसांत आम्ही ह्या काठाने चाललो होतो. एका वाडीजवळ डोईवर दोन हंडे घेऊन चढण चढणारी एक वृद्ध बाई भेटली. टँकर परवा येऊन गेला, पुन्हा केव्हा येईल ते सांगता येत नाही, असे तिने सांगितले. समोर, खोल का होईना, तलावाचे पाणी चकाकत होते. आम्ही शहरी अज्ञानाने विचारले, "आजी, एवढे धरण उशाशी असून टँकर कशाला लागतो?" ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "दादा, दिसतंय म्हून काय आपलं झालं? त्ये खालच्यांचं पानी हाय." धरण उशाला नि कोरड घशाला, ही म्हण आम्ही पूर्वी अनेकदा ऐकली होती, तिचा अर्थ त्या चढणीवर कळला.

ह्या प्रकरणात नावांचाही एक चमत्कार आहे. भाटघरच्या जलाशयास आता येसाजी कंक यांचे नाव आहे. येसाजी हे ह्याच वेळवंड खोऱ्यातील भुतोंड्याचे. पलीकडे मोसे खोऱ्यात वरसगावचे धरण झाले, त्यास वीर बाजी पासलकरांचे नाव दिले. बाजी हे त्याच मोसे खोऱ्याचे देशमुख. ज्या खोऱ्याने वीर दिला त्याच खोऱ्याची शेते ज्या पाण्याखाली गेली, त्या पाण्यास वीराचे नाव द्यावयाचे आणि गौरव झाला असे समजावयाचे, अशी ही रीत आहे. शेजारच्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी तो लढविला, म्हणून ते नाव इतिहासात राहिले. पानशेतही ह्याच वेल्हे तालुक्यातले; परंतु ते नाव घेतले की आम्हांस 12 जुलै 1961 रोजी पुण्यात शिरलेले पाणी आठवते. पानशेतच्या पाण्याखाली गेलेली गावे त्याआधीच बुडाली होती, हे आठवत नाही.

परंतु पाण्याचा प्रश्न हा आमच्या मुद्द्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा माणसांचा आहे. 'मावळी माणसे' ह्या शब्दाखाली येथे जी मंडळी एकत्र कोंबली जातात, ती एक नाहीत. खोऱ्याच्या तळाशी कुणबी-मराठ्यांची गावे आहेत. महादेव कोळी आहेत, रामोशी आहेत, पूर्वीच्या महारवाड्यांतील बौद्ध कुटुंबे आहेत. वर डोंगरमाथ्याला धनगरांची चार-चार घरांची वस्ती आहे, आणि गावाच्या कडेला, बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर, कातकऱ्यांच्या झोपड्या आहेत. पावसात हे सर्व इरल्या-घोंगड्यांखाली सारखेच दिसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र प्रत्येकाचे काम वेगळे, चिंता वेगळी, आणि म्हणून चेहराही वेगळा दिसू लागतो.

कुणब्याचे पाहा. ह्या दिवसांत तो राब भाजतो. शेताच्या एका तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेणी, माती असे थर देऊन ते पेटवावयाचे. तणाचे बी जळून जाते, राखेचे खत होते, आणि मृगाच्या पावसावर त्या जागेत भाताचा किंवा नाचणीचा तरवा उगवतो. शहरचा मनुष्य चुकून ह्या दिवसांत आलाच तर धूर पाहून 'वणवा' म्हणून हळहळतो. ज्या हिरव्या गालिच्याचे तो दोन महिन्यांनी वर्णन करणार असतो, त्याची मुळे ह्याच राखेत आहेत हे त्यास ठाऊक नसते.

गवळी धनगराचे शास्त्र आणखी निराळे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा ह्या संशोधकांनी 1982 साली गवळी धनगरांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरीत भातशेती करणारा कुणबी आणि माथ्यावर म्हशी राखून लोणी-तूप विकणारा धनगर ह्यांनी एकाच डोंगराची आपसांत कशी वाटणी केली होती, हे त्यांनी दाखविले आहे. एकाचे उणे ते दुसऱ्याचे दुणे होऊ नये अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. माथ्यावरचा झरा वैशाखात आटू लागला म्हणजे ह्या व्यवस्थेचा जीव किती नाजूक आहे ते कळते. श्रावणात माथ्यावर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यास ते कळणे शक्य नाही. त्याच्या पायांखालून तेव्हा पाणी वाहत असते.

आणि कातकरी तर श्रावणात शहरी पाहुण्याच्या नजरेसही पडत नाही. खैराचा कात काढणे हा त्याचा मूळ धंदा, नाव त्यावरूनच पडले. तो धंदा गेला. आता दिवाळीनंतर तो बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींस सरकारने आदिम जमाती म्हणून वेगळे मानले त्यांपैकी ही एक. परतल्यावर आटत्या पाण्यात तो मासे धरतो, त्याच्या बायका करवंदे-जांभळे पानांच्या द्रोणांत भरून रस्त्याकडेला बसतात. भट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फिटली की नाही, आणि पावसाळा ज्या जागेवर काढावयाचा ती जागा यंदा मिळेल की नाही, हे दोन हिशेब ह्या दिवसांत त्याच्या घरात चाललेले असतात.

ह्या भेदांचा आग्रह आम्ही जातीभेदाच्या प्रेमाने धरतो असे कोणी समजू नये. 'मावळा' हे एके काळी गौरवाचे नाव होते. बारा मावळांतील नाना जातींनी एका राज्यासाठी खांद्यास खांदा लावला, तेव्हा ते त्यांनी कमावले. परंतु आज आमच्या लेखणीत ते झाकण झाले आहे. ज्याचे वेगळे नाव राहत नाही त्याची वेगळी मागणीही कोणास ऐकू येत नाही. काठावरच्या शेतकऱ्यास तलावातून उचलून दिलेले पाणी हवे आहे. धनगराच्या पोरास शाळेपर्यंत वाट हवी आहे. कातकऱ्यास झोपडीखालची जमीन स्वतःच्या नावाने हवी आहे. 'साध्या, भोळ्या, काटक' माणसास काही नको असते, कारण भोळेपणा आणि काटकपणा हेच त्याचे धन, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

ह्याचा परिणाम केवळ वाङ्मयात राहता तर आम्ही इतके रागावलो नसतो. ह्या खोऱ्यांतील उतारांचे तुकडे पाडून शहरवासीयांस बंगल्यांसाठी विकण्याचा व्यापार आज जोरात आहे. त्या व्यापाऱ्यांची जाहिरात आणि आमच्या साहित्यिकांचे प्रवासवर्णन शेजारी शेजारी ठेवून पाहावे. तेच धुके, तोच धबधबा, तेच 'निसर्गरम्य', तेच 'शांत'. चित्रही पावसाळ्यातीलच. दोघांनाही उन्हाळा नको असतो आणि दोघांनाही माणसे नको असतात. एकास त्यामुळे पैसा मिळतो. दुसरा हे काम फुकट करतो, एवढाच फरक आम्हांस आढळला.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, प्रवास हा आनंदासाठी असतो, तेथे हे रडगाणे कशाला? आमचे उत्तर असे की, उन्हाळ्याच्या अखेरीस आनंद नसतो हा भ्रम आहे. पिकल्या करवंदाची जाळी, जत्रेसाठी मुंबईहून परतलेल्या पोरांनी गजबजलेली गावे, वळवाच्या पहिल्या सरीने उठणारा मातीचा वास, हे सर्व ह्याच दिवसांतले. पाने झडल्यामुळे राजगडाच्या माच्या आणि तोरण्याचे कडे आपल्या खऱ्या बांध्यासह दिसतात ते ह्याच दिवसांत. मात्र उन्हाचा त्रास सोसावा लागतो, हे आम्ही लपवीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, साहित्यिक हा मामलेदार नव्हे. टँकर नि उचल मोजणे त्याचे काम नाही. ह्यास उत्तर म्हणून आम्ही विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'कडे बोट दाखवितो. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेला तो वरसईचा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो आत होता. तेथील माणसांवर काय गुदरले ते त्याने लिहिले, आणि 1907 साली छापून निघालेले ते पुस्तक अजून लोक वाचतात. साहित्यिक होण्याची त्याची प्रतिज्ञा नव्हती. समोर दिसले ते पाहण्याची तयारी होती.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे. 2024 साली वेल्हे तालुक्यास राजगडाचे नाव देण्याचा निर्णय झाला; 2025 साली राजगड हा मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी आता वाढणार, वर्णनेही वाढणार. आमची लेखकांस विनंती एवढीच की, येत्या वैशाखात एकदा भाटघरच्या काठाने पायी जावे; कांबरेश्वर बाहेर आला असेल तर त्याचे दर्शन घ्यावे; आणि वाटेत जो मनुष्य भेटेल त्याची जमात कोणती, ह्या महिन्यात त्याचे काम काय आणि त्याच्या घरी पाणी कोठून येते, हे विचारल्यावाचून परतू नये. एवढे करून कोणी वर्णन लिहिले, तर त्यात धबधबा एकही नसला तरी आम्ही ते आनंदाने वाचू.