मावळे मुलांनाच रंगवू द्या



दिवाळी जवळ आली की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत अंगणात, गल्लीत, पार्किंगच्या कोपऱ्यात दगड, विटा, पोती आणि माती गोळा होऊ लागते. किल्ला मुलंच बांधतात. पण त्यावर उभे राहणारे मावळे मात्र बहुतेक घरांत बाजारातून रंगवलेले आणले जातात. सगळ्यांची पागोटी एकाच रंगाची, मिशा एकाच वळणाच्या. माझं मत विचाराल तर, मावळे कोरे आणावेत आणि रंग मुलांनीच द्यावा.

का? कारण ब्रश हातात आला की प्रश्न पडतात. याच्या अंगरख्याला कोणता रंग द्यायचा? त्या काळी शिपायांना आजच्यासारखा सरसकट एकच गणवेश नसे. कारखान्यात तयार होणारे रंग तर १८५६ नंतर आले. म्हणजे मावळ्याच्या कपड्यांवर नीळ, हळद, मंजिष्ठ अशा झाडापानांतून निघणाऱ्या छटा असणार, नाहीतर न रंगवलेलं साधं सुती कापड. एवढं सांगितलं की मूल चकचकीत पोपटी रंगाची बाटली आपणहून बाजूला ठेवतं. इतिहासाचा पाठ तिथेच सुरू होतो.

दुसरा प्रश्न आपला कोण आणि शत्रू कोण, हा. मुलं सहज म्हणतात, "भगवे आपले, हिरवे त्यांचे." इथे आपण गप्प बसू नये. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली, तेव्हा अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांच्या पायदळाच्या सुरुवातीच्या सरनोबतांपैकी एकाचं नाव होतं नूरबेग. ती लढाई स्वराज्याची होती. रंगावरून माणसं वाटून टाकायची सवय एकदा लहानपणी लागली की पुढे सुटणं अवघड असतं, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

तिसरा प्रश्न गणिताचा. चार इंचांचा मावळा म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस धरला, तर तीस फुटांचा बुरूज किती उंच करायचा? उत्तर येतं सुमारे २२ इंच. सहावी-सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

कृतीही सोपी आहे. कुंभाराकडून पूर्ण वाळलेले कोरे मावळे घ्या. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, म्हणजे वरचे रंग उठून दिसतात. मग अंगाचा रंग, मग कपडे, शेवटी तलवार-ढाल. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावू नका. डोळे आणि मिशा काडेपेटीच्या काडीच्या टोकाने काढा. डोळा तिरका झाला तर होऊ द्या, पण कृपा करून बाबांनी ब्रश हातात घेऊ नये!

आणि किल्ला दरवर्षी रायगडच कशाला? साताऱ्याच्या मुलांना डोक्यावरचा अजिंक्यतारा आहे, जो महाराजांनी १६७३ मध्ये घेतला. सांगली जिल्ह्यात मच्छिंद्रगड आहे, खानापूर तालुक्यातला भूपाळगड आहे, ज्यावर १६७९ मध्ये दिलेरखान चालून आला होता. आपल्या जवळचा गड केला, की त्यावरचा मावळाही जवळचा वाटू लागतो.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना एक विनंती. परीक्षकांनी प्रत्येक किल्ल्यापाशी एक मावळा उचलावा आणि मुलांना विचारावं, "याचं नाव काय? गाव कोणतं? घरी कोण आहे?" या उत्तरांना गुण द्यावेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पिढ्यान् पिढ्या जवान सैन्यात जातात. सैनिक म्हणजे कुणाचा तरी बाप, भाऊ, लेक असतो, हे आपल्या भागातल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त मातीच्या मावळ्याकडे बघतानाही ते आठवायला हवं.

महाराजांची मूर्ती आपण सिंहासनावर सन्मानाने बसवतोच. पण ज्यांची नावं बखरीत आली नाहीत, त्या माणसांना निदान आपल्या मुलांच्या हातून एकेक वेगळा चेहरा तरी मिळू दे. यंदा बाजारात गेलात की कोरे मावळे मागा.