चुन्याने बांधलेले विष

कारखान्यातील धातुमिश्रित गाळात चुना अथवा सिमेंट कालवून तो पुरावयाचा, प्रयोगशाळेचा दाखला घ्यावयाचा आणि निश्चिंत व्हावयाचे, अशी रीत आपल्या कित्येक कारखानदार बंधूंत रूढ आहे. ही निश्चिंतता अपुऱ्या पायावर उभी आहे, असे माझे नम्र मत आहे.

शिशाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ते आम्लात विरघळते, तसेच तीव्र चुनखडी पाण्यातही विरघळते. पाण्याचा सामू 9 ते 10 च्या सुमारास असता ते सर्वांत कमी सुटते. सामू 12 च्या वर गेला, की पुन्हा उतरू लागते. जस्ताचेही तसेच. म्हणजे चुना कमी पडला तरी अपाय आणि अधिक झाला तरी अपाय!

आता परीक्षा पाहा. टाकाऊ माल घातक आहे की नाही हे ठरविण्यासाठी 2016 च्या केंद्रीय नियमांत जी एक चाचणी सांगितली आहे, तीत तो वीसपट सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे 18 तास घुसळतात. लिटरमागे 5 मिलिग्रॅमहून कमी शिसे उतरले, तर माल त्या कसोटीस उतरतो. परंतु मालातील चुना आम्लाचा जोर मारतो. सामू नेमका 9-10 वर स्थिरावला, तर शिसे दडून राहते. त्याच मालावर निव्वळ पावसाचे पाणी पडले, तर सामू 12 च्या वर राहून शिसे वाहू शकते. पुढे हवेतील कर्बवायू हळूहळू चुना निष्प्रभ करतो. शेजारी ओला कचरा कुजत असेल, तर प्राणवायू संपतो आणि लोहाच्या गंजाला चिकटलेले आर्सेनिकही सुटू लागते.

आम्ही धान्याचे व्यापारी नमुना पाहूनच सौदा करतो. तथापि वैशाखात कोरडा ठरलेला गहू श्रावणातही तसाच राहील, अशी हमी कोणी जाणता आडत्या देत नाही.

यास्तव माझी सूचना अशी, की ज्या सभासदांचे मुलाम्याचे वा बॅटरीचे कारखाने आहेत, त्यांनी एका दाखल्यावर न थांबता निरनिराळ्या सामूंवर मालाची परीक्षा करवावी, आणि तो ओल्या कचऱ्याशेजारी कदापि पुरू नये. लहान कारखानदारांस खर्च झेपत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच त्यातील काही भार संघाने उचलावा.

मुनींच्या पाच समितींत उत्सर्ग समिती आहे: टाकावयाची वस्तूही जीवहिंसा होणार नाही अशा जागी, पाहून टाकावी. गृहस्थाला ते व्रत नसले, तरी शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांचा विचार त्याला चुकत नाही.