परवाना मिळाला, मर्यादा सुटली!

२०२३ सालच्या संगीतसंग्रहांत सर्वाधिक निराशा केली ती १९७१ च्या युद्धावरील ‘पिप्पा’ या चित्रपटाच्या गीतसंग्रहाने. श्यामासंगीत रचणाऱ्या काझी नझरुल इस्लाम यांचे ‘कारार ओई लौह कपाट’ हे तुरुंगाची कवाडे फोडण्याचे आवाहन करणारे रणगीत. ते ज्यात समाविष्ट होते, त्या ‘भांगार गान’वर १९२४ मध्ये इंग्रजांनी बंदी घातली. बंदीनेही न विझलेली त्याची धग ए. आर. रहमान यांच्या हलक्याफुलक्या चालीने मात्र विझवली. बंगाल खवळला. निर्मात्यांनी क्षमा मागितली. सोबत रीतसर परवान्याचा दाखलाही दिला! कागद चाल बदलण्याची मुभा देईल. राष्ट्राच्या स्मृतीशी खेळण्याची मुभा कोण देणार? स्वातंत्र्यगीते ही कोणा कुटुंबाची वा कंपनीची मालमत्ता नव्हे, ती समाजाची ठेव आहे. हे भान कलावंतांना केव्हा येणार?