फुलांची मर : औषध आधी, धावपळ नको



नागपूरचा बाजार जवळ असल्याने उसाच्या जोडीला शेवंती, अ‍ॅस्टर, ग्लॅडिओलस लावणे फायद्याचे ठरते. पण ऐन सणाच्या तोंडावर झाडे पिवळी पडून माना टाकतात आणि दुकानाकडे धावपळ सुरू होते. ही धावपळ व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर रोगाची फ्युजेरियम बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. ती मुळावाटे शिरून पाणी नेणाऱ्या नळ्या बंद करते. खोड चिरून पाहा, आत तपकिरी रेघा दिसतील. असे झाड फवाऱ्याने वाचत नाही. ते उपटून जाळावे. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

उपाय लागणीआधीच हवा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी दुसऱ्या बुरशीवर जगते, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ सालीच दाखविले. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओल राखून आठ-दहा दिवस झाकावा व सरीत द्यावा. सोबत रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, मित्रही मरेल. काळ्या जमिनीत पाणी तुंबू देऊ नका. त्याच वावरात दरसाल तेच फूल नको.

शेणखत आता पुरेसे मिळते कुठे? पण कारखान्याचा प्रेसमड तर आपलाच आहे! तो नीट कुजवून, ट्रायकोडर्मा मिसळूनच सभासदांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. ताजा मात्र कोणी टाकू नये, तो तापतो. सभासदांनी ही मागणी वार्षिक सभेत जरूर मांडावी.

— ऊस विकास अधिकारी