भीती गेली की जवळीक येते



शनिवार पेठेतल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. दोन मुलं, धाकटं तीन वर्षांचं. त्या लिहितात, ‘दर महिन्याला तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. हे जवळ आले की मी झोपेचं सोंग घेते. परवा म्हणाले, तुझं माझ्यावरचं मन उडालंय. त्यांना काय सांगू?’

अहो, जे मला कळवलंत तेच त्यांना सांगा! मन उडालेलं नाही, मनात धास्ती बसली आहे. आणि दिवस जाण्याची धास्ती असेल तिथे सुख कुठून येणार?

हे दुखणं जुनंच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. मुलं कमी व्हावीत एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी रोखठोक मांडलं. आपल्या पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी १९३८ पासून हेच काम केलं. लोक काय म्हणतील याची पर्वा त्यांनी केली नाही. मग आपण नवऱ्याशी बोलायला का लाजायचं?

आता साधनांविषयी. तांबी एकदा बसवली की तिच्या प्रकाराप्रमाणे दहा वर्षांपर्यंत चालते. सुरुवातीला पाळीत अंगावरून जरा जास्त जातं. गोळी रोज न चुकता घ्यावी लागते. रक्तदाब किंवा अर्धशिशी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. निरोधाने संसर्गापासूनही रक्षण होतं, आणि जबाबदारी त्यांच्याकडे जाते.

मूल नकोच हे दोघांचं पक्कं असेल, तर शस्त्रक्रिया. पण ती नेहमी बाईनेच का करायची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींनी ती करून घेतली होती. पतीने करून घेतल्याचं प्रमाण ०.३ टक्के! आणीबाणीतल्या सक्तीने पुरुषांच्या मनात नसबंदीची धडकी भरली, ती अजून गेलेली नाही. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. बिनटाक्याची असते, थोड्या वेळात होते, पौरुष कमी होत नाही. मात्र त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्याची तपासणी करूनच निर्धास्त व्हायचं.

एखाद्या संध्याकाळी मुलांना आजीकडे ठेवा आणि दोघंच पर्वतीवर जा. भांडणाच्या सुरात नको, ‘मला भीती वाटते’ एवढंच म्हणा. मग डॉक्टरांकडेही दोघं मिळूनच जा. बायकोची भीती ज्याने समजून घेतली, त्याच्या कुशीत तिला झोपेचं सोंग घ्यावं लागत नाही.