घाटातील मजूर व त्यांची 'राजीखुशी'

आपल्या पहिल्या नोकरीची हकीकत सांगताना मावळातील व लोणावळ्याकडील वडीलधाऱ्या मंडळीस एक विशेष प्रकारचा अभिमान वाटत असतो. चालत्या पट्ट्यात हात घालून अडकलेला माल कसा काढला, नाकाला फडके बांधून रसायनाच्या पिंपात कसे उतरलो, शिडी नव्हती म्हणून पत्र्यावरून कसे चाललो, हे सारे कौतुकाने सांगून झाले म्हणजे अखेरीस "आम्ही कधी कुरकूर केली नाही" हे वाक्य यावयाचेच. हा अभिमान खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ही हकीकत सांगावयास जे उरले तेच ती सांगतात, ही गोष्ट विसरली जाते. आणि त्यांच्या न कुरकुरण्याचा पुरावा म्हणून उपयोग नव्याने कामावर येणाऱ्या पोरांविरुद्ध केला जातो. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे अवश्य आहे.

या प्रांतात अशा नोकरीचा आरंभ कोठे झाला हे पाहण्यास दूर जावयास नको. बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम सन १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले व १८६३ च्या एप्रिलात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते तो खुला झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांचा चढ, सदतिसास एक असा उतार व २५ बोगदे. सन १८६१ च्या सुमारास या एका चढणीवर ४२,००० हून अधिक माणसे एकाच वेळी खपत होती. कड्यावर उभे राहावयास जागा नाही तेथे माणसास दोराने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेत. दारूने उडालेले व कड्यावरून गेलेले थोडे नव्हते. पण त्यांहून कितीतरी अधिक पटकी व तापाने, पालांतून व झोपड्यांतून, मेले. एकंदर मृतांचा अंदाज काही अभ्यासकांनी पंचवीस हजारांपर्यंत नेला आहे. बर्कले साहेब इंजिनियर यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. कंत्राटदार ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस बाईंनी कंत्राट पुरे करविले, हेही नमूद आहे. मजुरांच्या नावांची यादी मात्र कोणी ठेवली नाही.

आता हे मजूर आपल्या राजीखुशीने आले, कोणी त्यांस बांधून आणले नव्हते, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही निघतील. या राजीखुशीची परीक्षा सन १८५९ च्या जानेवारीत झाली. त्या वेळचे कंत्राटदार फेव्हिएल यांच्या कामावर मजुरी थकली व कमी दिली गेली, तेव्हा मजुरांनी दंगा केला. त्यात एक युरोपियन मारला गेला, चौकशी बसली व पुढे फेव्हिएल यांस कंत्राट सोडावे लागले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, पैशासाठी उठणाऱ्या या माणसांस जिवाची पर्वा नव्हती. आमच्या मते तो उलटा आहे. मजुरी थकली तर ती मागावयास मुकादम समोर होता. दोर तुटला तर दाद मागावयाची ती कोणाजवळ? पटकी आली म्हणजे हीच माणसे काम टाकून पळत, हीच त्यांची एकमेव अर्जी होती.

कायद्याने या 'राजीखुशी'चा निकाल कधीच लावलेला आहे. सन १८९१ त विलायतेच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे स्मिथ विरुद्ध बेकर हा दावा चालला. वादी हा रेल्वेच्या कंत्राटदाराकडे खडकास भोके पाडणारा मजूर. त्याच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात व एक दगड त्याच्या अंगावर पडला. धोका ठाऊक असूनही तो काम करीत राहिला, सबब त्याची संमती होती, असा बचाव होता. धोका ठाऊक असणे निराळे व तो पत्करण्यास संमती देणे निराळे, असे ठरून तो बचाव फेटाळला गेला. हेच तत्त्व आमच्याकडे १९३८ च्या मालकाच्या जबाबदारीविषयीच्या कायद्यात आले. तथापि बाजारपेठेच्या मनातून जुना बचाव अद्याप गेलेला नाही.

येथे स्वपक्षासही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. सन १८८१ चा पहिला कारखान्यांचा कायदा झाला तेव्हा पुष्कळ राष्ट्रीय पत्रांनी त्यास विरोध केला. लँकेशायरवाल्यांचा यात डाव आहे ही त्यांची शंका निराधार नव्हती. पण सात वर्षांच्या पोराने गिरणीत नऊ तास उभे राहावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर लँकेशायरच्या हेतूवर अवलंबून नव्हते. ते ओळखले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. तळेगावी पैसा फंडाची काचेची भट्टी लोकांच्या पैशापैशाने उभी राहिली याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु भट्टी स्वदेशी असली म्हणून तिची धग सौम्य होत नाही.

आजची स्थिती पाहा. ७ जून २०२१ रोजी शेजारच्या मुळशी तालुक्यात उरवडे येथे रसायनाच्या कारखान्यास आग लागून सतरा कामगार गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया. भिंत फोडून आत शिरावे लागले. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्या करणाऱ्या शेडमध्ये स्फोट झाला. त्याच दिवशी सहा जणी गेल्या व पुढे आकडा वाढत गेला. ही कामे मोठ्या गिरण्यांत चालत नाहीत, पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. आणि नेमक्या या शेडकडेच कायद्याची नजर अंधुक होत आहे. १९४८ च्या कायद्यात यंत्रशक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस कामगारांवर कारखाना धरला जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या संहितेत हे आकडे वीस व चाळीस झाले आहेत. घातक कामांकरिता संख्येची अट सोडण्याची तरतूद तीत आहे व नेमणूकपत्र सक्तीचे केले आहे, हे चांगले; पण घातक काम चालते हे सरकारास कळावयाचे कसे?

आमच्याकडे एक अडचण अधिक आहे. जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, तेव्हापासून नोकरी ही शिफारशीने मिळावयाची वस्तू झाली. मामाने किंवा गावच्या पुढाऱ्याने शब्द टाकून पोरास लावलेले असते. तेथे त्याने दुसरे दार का नाही असे विचारले, तर तो मामाचा अपमान ठरतो. बिहार-ओडिशातून ठेकेदाराबरोबर आलेल्यास तर विचारावयास मामाही नाही.

म्हणून आमच्या व्यापारी वाचकांस आमची सूचना आहे. आपल्या शेडला उघडणारे दुसरे दार आहे काय, आणि दिवसाच्या कामापुरतीच दारू वा रसायन आत राहते काय, हे त्यांनी याच आठवड्यात स्वतः जाऊन पाहावे. वडगाव, तळेगाव व लोणावळा येथील व्यापारी संघांनी आपल्या सभासदांच्या शेडची यादी करून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आपण होऊन पाठवावी; आणि प्रत्येक दारावर त्या कचेरीचा पत्ता मराठीत व हिंदीत, कामगारास उंबऱ्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत लावावा.